व्हॅलिडेशन रूलमधून सूट दिली, तरी त्याच युजरला एरर: कारणं आणि उपाय

सेल्सफोर्स (ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या बहुतेक कंपन्यांत ही तक्रार दर दोन-तीन महिन्यांनी परत येते. व्हॅलिडेशन रूल म्हणजे चुकीची नोंद सेव्ह होऊ न देणारी अट. असा रूल लावला, ठरावीक युजरना त्यातून सूट दिली, काही दिवस ठीक चाललं, आणि मग पुन्हा तीच एररची लाल पट्टी. तक्रारीची रूपं चार. सूट दिलेल्या युजरला एरर येतच राहते. हाताने सेव्ह केलं तर जातं, पण डेटा लोडरने (एकदम पुष्कळ नोंदी भरायचं साधन) किंवा रात्रीच्या ऑटोमेशनमध्ये अडकतं. सँडबॉक्समध्ये (चाचणीच्या प्रतीत) चालतं, प्रॉडक्शनला (खऱ्या वापरात) नाही. आणि चौथं, ज्याची तक्रार कोणीच करत नाही: एरर कोणालाच येत नाही, म्हणजे रूल असून नसल्यासारखा.

उदाहरण एकच धरू. पीथमपूरला सुटे भाग बनवणारा कारखाना, विक्री आणि बॅक ऑफिस इंदूरला. ग्राहक मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्रात. अकाउंटवर (ग्राहकाच्या नोंदीवर) जीएसटी क्रमांकाचा रूल आहे: नोंदणीकृत ग्राहकाचा क्रमांक रिकामा नको, तो १५ अक्षरांचा असावा, आणि त्याचे पहिले दोन अंक बिलिंग राज्याशी जुळावेत. मध्य प्रदेशला २३, गुजरातला २४, महाराष्ट्राला २७. जुन्या एक्सेल फायलींतून ग्राहक भरणाऱ्या दोघांना यातून तात्पुरती सूट हवी आहे.

(खाली फॉर्म्युले आणि एरर कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. सेटअपमध्ये फंक्शन आणि फील्ड यादीतूनच निवडा, अंकही इंग्रजीच टाका.)

आधी पाहा, एरर नक्की कोण देतंय

फॉर्म्युल्याला हात लावण्याआधी हे करा, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी. स्क्रीनवरचा मजकूर पाहून फसायला होतं, कारण व्हॅलिडेशन रूल, एपेक्स ट्रिगर (सेव्ह होताना आपोआप चालणारा कोड) आणि फ्लो (कोड न लिहिता बांधलेलं ऑटोमेशन) या तिघांत कोणीतरी तोच मजकूर कॉपी करून ठेवलेला असतो. डेटा लोडरची एरर फाइल उघडली की कोड दिसतो, आणि त्यावरून बरंच कळतं.

रिक्वायर्ड_फील्ड_मिसिंग असेल तर अडवणारं फील्ड स्वतःच अनिवार्य आहे. फील्डच्या व्याख्येत 'अनिवार्य' ही खूण असेल तर त्यातून कोणालाही सूट नाही, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरलाही नाही. उपाय एकच: ती खूण काढा आणि तीच अट व्हॅलिडेशन रूलमध्ये लिहा, म्हणजे सूट ठेवायला जागा मिळते. फील्ड_फिल्टर_व्हॅलिडेशन_एक्सेप्शन आला तर तो लुकअप फिल्टर, म्हणजे दुसऱ्या नोंदीची निवड ठरावीक नोंदींपुरती मर्यादित करणारी अट. त्याच्या अटींत चालू युजर, त्याची प्रोफाइल (मूळ परवानग्यांचा संच) आणि रोल (कंपनीतलं स्थान) घेता येतात. ड्युप्लिकेट्स_डिटेक्टेड म्हणजे डुप्लिकेट रूल, त्याचा इथे संबंध नाही. कॅनॉट_एक्झिक्यूट_फ्लो_ट्रिगर म्हणजे मागे चालणारा फ्लो पडला. त्याच्या पोटात मात्र दुसऱ्याच ऑब्जेक्टवरचा (नोंदींच्या प्रकारावरचा) व्हॅलिडेशन रूल असू शकतो, म्हणून मजकूर शेवटपर्यंत वाचा.

घोटाळा होतो तो फील्ड_कस्टम_व्हॅलिडेशन_एक्सेप्शन या कोडमुळे. नावावरून वाटतं व्हॅलिडेशन रूल, पण एपेक्स ट्रिगरमधल्या ॲडएरर या मेथडनेही हाच कोड येतो. म्हणजे रूलमध्ये सूट अगदी बरोबर लिहिलेली असते आणि अडवणारा ट्रिगर असतो. शंका असेल तर डीबग लॉग (मागे काय काय चाललं याची नोंद) काढा. सेटअपमध्ये डीबग लॉग्ज, त्या युजरवर ट्रेस फ्लॅग (लॉग घेण्याची खूण, एका वेळी जास्तीत जास्त २४ तास), व्हॅलिडेशन ही कॅटेगरी इन्फो पातळीवर. मग तीच कृती त्याच युजरकडून करून घ्या. लॉगमध्ये व्हॅलिडेशन_रूलच्या ओळीत रूलचं नाव, व्हॅलिडेशन_फॉर्म्युलाच्या ओळीत फॉर्म्युला आणि त्या क्षणी फील्डमध्ये असलेल्या किमती, आणि पुढे पास किंवा फेल. फेल कुठेच नाही आणि तरी एरर आली, तर रूल निर्दोष आहे. ट्रिगरचा कोड किंवा फ्लो तपासा.

एक गैरसमज इथेच निस्तरलेला बरा. 'मॉडिफाय ऑल डेटा' असलेल्या युजरला व्हॅलिडेशन रूल लागत नाही, असं बरेच जण धरून चालतात. लागतो. ती परवानगी रेकॉर्ड कोणाचं आहे याच्याशी संबंधित आहे, त्यात काय भरलंय याच्याशी नाही.

सूट कशाला टांगली आहे

फॉर्म्युला उघडा आणि सूट कोणत्या गोष्टीवर ठरते ते बघा. निम्मी दुखणी इथेच सापडतात.

प्रोफाइलच्या नावावर असेल तर, कोणी प्रोफाइलचं नाव नीटनेटकं करायला गेलं की सूट गुपचूप संपते. शिवाय एका युजरला एकच प्रोफाइल असते, त्यामुळे दोघांना सूट द्यायला जावं तर त्या प्रोफाइलमधल्या सगळ्यांना मिळते. मग कोणीतरी 'बॅक ऑफिस २' अशी नवी प्रोफाइल काढतं आणि वर्षभरात दोन्ही प्रोफाइल एकमेकींपासून कुठल्या कुठे गेलेल्या असतात.

युजरच्या आयडीवर असेल तर अक्षरं मोजा. फॉर्म्युल्यात युजरचा आयडी १५ अक्षरांचा येतो. रिपोर्टमधून किंवा डेटा लोडरमधून १८ अक्षरांचा उचलून चिकटवला असेल तर तुलना कधीच जुळणार नाही. ही सूट पहिल्या दिवसापासून मेलेली असते.

युजरनेमवर असेल तर सँडबॉक्समध्ये ती चालत नाही, कारण सँडबॉक्स बनताना प्रत्येक युजरनेमच्या शेवटी टिंब देऊन सँडबॉक्सचं नाव जोडलं जातं. ईमेलवर असेल तरीही तेच, तिथे शेवटी 'इनव्हॅलिड' चिकटतं. मग चाचणी पास व्हावी म्हणून कोणीतरी फॉर्म्युल्यात दोन्ही नावं टाकतं, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याचं नाव रूलमध्ये राहतं.

हायरार्की कस्टम सेटिंग (आपण बनवलेल्या सेटिंगच्या किमती पातळीनुसार ठेवायची सोय) हा जुना आणि अजूनही चालणारा मार्ग. त्यात ऑर्ग (संपूर्ण कंपनी), प्रोफाइल आणि युजर अशा तीन पातळ्या असतात आणि युजरची पातळी सगळ्यांत वरचढ. सापळा असा की त्याच सेटिंगमध्ये दुसऱ्या कामासाठी त्या युजरची नोंद आधीच केलेली असते आणि त्यात आपला चेकबॉक्स रिकामा असतो. चेकबॉक्सला 'काहीच सांगितलेलं नाही' अशी अवस्था नसते, रिकामा म्हणजे 'नाही'. प्रोफाइल पातळीवर सूट चालू असूनही या एका युजरला ती मिळत नाही, आणि बाकीच्यांचं सुरळीत चाललेलं असल्यामुळे शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो.

नवीन बांधताना कस्टम परमिशन, म्हणजे आपण स्वतः बनवलेली परवानगी, घ्या. नाव बदललं, माणूस बदलला, प्रोफाइल विलीन झाली, तरी फॉर्म्युल्याला हात लावावा लागत नाही.

कस्टम परमिशनने सूट बसवणं

१. सेटअपमध्ये कस्टम परमिशन्स, न्यू. लेबल मराठीत चालेल. एपीआय नावात मात्र इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच. नाव रूलचं द्या. 'सगळ्यातून सूट' या अर्थाचं नाव दिलंत तर ती परमिशन सहा महिन्यांत खरोखरच तशी होते.

२. नवा परमिशन सेट (प्रोफाइलवर जादा परवानग्या देणारा संच) बनवा आणि त्यात लायसन्सची निवड 'नन' ठेवा. एका लायसन्सला बांधलेला परमिशन सेट दुसऱ्या लायसन्सच्या युजरला देता येत नाही, आणि पुढे इंटिग्रेशन युजरला (बाहेरचं सॉफ्टवेअर ज्या लॉगिनने जोडलेलं असतं त्याला) द्यायची वेळ आली की घोडं इथेच अडतं.

३. परमिशन सेटमध्ये कस्टम परमिशन्स या भागात ती परमिशन 'एनेबल्ड' यादीत घ्या. ही पायरी सर्रास राहून जाते: परमिशन बनवलेली असते, सेट युजरला दिलेला असतो, आणि सेट आतून रिकामा.

४. रूलच्या फॉर्म्युल्यात बाहेरून गुंडाळा:

अँड(
नॉट($परमिशन.सूट_जीएसटी_रिकामा),
इजपिकव्हल(ग्राहक_प्रकार, "नोंदणीकृत"),
इजब्लँक(जीएसटी_क्रमांक)
)

५. परमिशन सेट युजरला द्या आणि त्याच्या नावाने लॉगिन करून तपासा. स्वतःच्या ॲडमिन लॉगिनवरून तपासण्यात अर्थ नाही. कस्टम परमिशन ॲडमिनला आपोआप मिळत नाही, त्यामुळे तुम्हाला एरर दिसेल आणि त्या युजरला नाही, किंवा याच्या उलट.

रूलचा फॉर्म्युला 'खरा' ठरला की एरर येते, 'खोटा' ठरला की सेव्ह होतं, हे माहीत असूनही घाईत उलटं लिहिलं जातं. नॉट विसरला तर ज्यांना सूट हवी त्यांनाच रूल लागतो आणि बाकी सगळ्यांना मोकळं रान. चौथ्या प्रकारच्या तक्रारीचं हे एक कारण.

दुसरं कारण कंसांचं. जुन्या रूलच्या सुरुवातीला सूट चिकटवताना असं होतं:

नॉट($परमिशन.सूट_जीएसटी) && इजब्लँक(जीएसटी_क्रमांक) || लेफ्ट(जीएसटी_क्रमांक, २) <> "२३"

अँडची खूण ऑरच्या आधी बांधली जाते. म्हणजे सूट फक्त 'रिकामा आहे' या अटीला मिळाली. राज्याच्या अंकांची अट सूट असलेल्यालाही लागणार. युजर सांगतो, 'कधी चालतं, कधी नाही', आणि ते खरंच असतं: मध्य प्रदेशचा ग्राहक जातो, वडोदऱ्याचा अडकतो. ऑरचा सगळा भाग एका कंसात घाला. त्याहून बरं म्हणजे खुणांऐवजी अँड आणि ऑर ही फंक्शन वापरा, तिथे कोण कोणाच्या पोटात आहे ते डोळ्यांना दिसतं.

सेव्ह कोण करतंय

दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीचं, म्हणजे 'हाताने चालतं, आपोआप नाही', मूळ जवळजवळ नेहमी इथे असतं. फॉर्म्युल्यातला 'चालू युजर' म्हणजे रेकॉर्डचा मालक नव्हे, जो सेव्ह करतोय तो. मालकाला सूट देऊन काहीही साधत नाही.

डेटा लोडरमध्ये ज्या लॉगिनने शिरलात तो युजर. बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून, म्हणजे अकाउंटिंग किंवा ईआरपीकडून येणाऱ्या नोंदींत इंटिग्रेशन युजर. शेड्यूल केलेला एपेक्स असेल तर ज्याने तो शेड्यूल केला तो, आणि ही गोष्ट विसरली जाते, कारण शेड्यूल करणारा कन्सल्टंट प्रोजेक्ट संपवून गेलेला असतो. वेळापत्रकावर चालणारा फ्लो 'ऑटोमेटेड प्रोसेस' या नावाने चालतो, आणि तो नेहमीच्या युजर यादीत दिसतही नाही. प्लॅटफॉर्म इव्हेंटवर (सिस्टिममधल्या घटनेच्या संदेशावर) चालणारा ट्रिगरही मुळात त्याच नावाने चालतो. एपेक्स ट्रिगर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये (सबस्क्रायबर कॉन्फिग) दुसरा युजर नेमता येतो. वेबसाइटच्या फॉर्मवरून लीड (संभाव्य ग्राहकाची नोंद) येत असेल तर लीड बनवणारा ठरवून दिलेला डिफॉल्ट युजर असतो.

फ्लो 'सिस्टिम कॉन्टेक्स्ट'मध्ये चालवला म्हणजे रूल लागणार नाही, ही समजूत बरीच पसरलेली आहे. त्याने ऑब्जेक्ट, फील्ड आणि शेअरिंगच्या परवानग्या बाजूला पडतात. व्हॅलिडेशन रूल तसाच लागतो आणि चालू युजरही तोच राहतो.

नक्की कोण चालवतंय हे कळायला दोन सोपे मार्ग आहेत. फ्लो पडल्याचा जो ईमेल येतो त्यात चालू युजरचं नाव असतं. किंवा त्याच ऑटोमेशनने आधी यशस्वीपणे बदललेलं एखादं रेकॉर्ड उघडा आणि शेवटचा बदल कोणाच्या नावावर आहे ते पाहा. 'ऑटोमेटेड प्रोसेस' निघाला आणि लॉग हवा असेल तर ट्रेस फ्लॅग लावताना युजरऐवजी तोच प्रकार निवडता येतो.

इंटिग्रेशन युजरला सूट देणं सोपं आहे, परमिशन सेट दिला की झालं. पण देण्याआधी थांबा. या युजरच्या नावाने रोज शेकडो नोंदी येत असतील तर ही सूट माणसाला दिलेली नाही, दरवाजालाच दिलेली आहे. तिथे सूट न देता पाठवणाऱ्या बाजूला डेटा दुरुस्त करणं बरं. आणि 'ऑटोमेटेड प्रोसेस'साठी सूट शोधत बसण्यापेक्षा फ्लोच्या सुरुवातीच्या अटीत अपुरी रेकॉर्ड्स गाळून टाका. एक रेकॉर्ड अडलं म्हणून सोबतची चांगली का थांबावीत.

ट्रिगर आणि फ्लोमधल्या तपासण्यांनाही हीच परमिशन लावता येते. फ्लोच्या फॉर्म्युल्यात परमिशन तशीच मिळते. एपेक्समध्ये फीचरमॅनेजमेंट क्लासची चेकपरमिशन मेथड, तिला परमिशनचं एपीआय नाव द्यायचं. रूलमध्ये सूट आहे आणि ट्रिगरमध्ये नाही, अशी अर्धवट स्थिती ठेवू नका.

सँडबॉक्समध्ये चालतं, प्रॉडक्शनला नाही

चेंज सेटमध्ये (सँडबॉक्समधले बदल प्रॉडक्शनला नेण्याच्या गठ्ठ्यात) रूल, कस्टम परमिशन आणि परमिशन सेट तिन्ही गेले तरी 'कोणाला दिला' ही माहिती जात नाही. युजरला परमिशन सेट देणं हे प्रॉडक्शनमध्ये पुन्हा हातानेच करावं लागतं. कस्टम सेटिंगचंही तसंच: सेटिंगची रचना जाते, आतल्या नोंदी जात नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी परमिशन आणि परमिशन सेट न्या, युजरना द्या, मग बदललेला रूल चालू करा.

सूट द्यायचीच का

पुष्कळदा मूळ दुखणं सूट नसण्याचं नसतं, रूल फार रुंद असण्याचं असतं. रूल प्रत्येक सेव्हला चालतो. रूल लागण्याआधी भरलेल्या जुन्या ग्राहकाचा नुसता फोन नंबर बदलायला गेलं तरी जीएसटीची एरर येते, मग विक्रीचे लोक वैतागतात, मग त्यांनाही सूट मागितली जाते. इथे सूट नको, अट अरुंद करा:

ऑर(इजन्यू(), इजचेंज्ड(जीएसटी_क्रमांक), इजचेंज्ड(बिलिंग_राज्य))

हे अँडच्या आत एक ओळ म्हणून घातलं की जुनी रेकॉर्ड्स निवांत राहतात, आणि ज्या दिवशी कोणी त्या फील्डला हात लावेल त्या दिवशी रूल जागा होतो. सुटीच्या मागण्या यानेच बऱ्याच कमी होतात.

दुसरं, एका रूलमध्ये तीन तपासण्या असतील तर तीन रूल करा. 'रिकामा नको' यातून डेटा भरणाऱ्यांना सूट देणं रास्त आहे, क्रमांक मागाहून मिळवता येतो. राज्य जुळण्याच्या अटीतूनही द्यावी लागेल, जुन्या फायलींत बिलिंग पत्त्याऐवजी माल उतरवायचा पत्ता भरलेला असतो. पण क्रमांकाच्या रचनेतून सूट कोणालाच देऊ नका. दोन अंक राज्याचे, दहा अक्षरं पॅनची, तेरावं त्या राज्यातल्या नोंदणीचं, चौदावं सहसा झेड, पंधरावं पडताळणीचं. यात न बसणारं काहीही जीएसटी क्रमांक नाही. क्रमांक माहीत नसेल तर फील्ड रिकामं राहू दे, 'नंतर देतो' असं लिहायला जागा देऊ नका. चुकीच्या क्रमांकाचं बिल दर महिन्याच्या ११ तारखेच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) गेलं की ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये (खरेदीच्या तपशिलात) ते दिसत नाही, त्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट अडतं आणि फोन तुमच्या विक्रीवाल्याला येतो. रेजेक्सने (अक्षरांचा नमुना तपासणाऱ्या फंक्शनने) ही रचना तपासताना रिकाम्या फील्डवरही एरर येते, म्हणून 'रिकामं नसेल तरच' ही अट सोबत लिहा. आणि मालवा मिल भागातला नोंदणी नसलेला छोटा गॅरेजवाला ग्राहक असेल तर त्यासाठी सूट नकोच, ग्राहक प्रकारात 'अनोंदणीकृत' हा पर्याय हवा.

सूट परत घेणं

सूट देणं सगळ्यांना आठवतं, काढणं कोणालाच नाही. युजर मॅनेजमेंट सेटिंग्जमध्ये परमिशन सेटच्या नेमणुकीला मुदत घालण्याची सोय चालू करता येते. मार्चअखेरच्या साफसफाईसाठी द्यायची असेल तर ३१ मार्चची मुदत देतानाच घाला. मग १ एप्रिलला 'परत एरर येतेय' असा फोन आला तर आधी हीच तारीख पाहा, फॉर्म्युला नंतर.

कोणाकोणाकडे सूट आहे हे महिन्यातून एकदा काढा. डेव्हलपर कन्सोलमध्ये सेटअपएंटिटीॲक्सेस या ऑब्जेक्टवर कस्टम परमिशनचा प्रकार लावून क्वेरी केली की ती परमिशन कोणत्या परमिशन सेटमध्ये आहे ते मिळतं, आणि परमिशनसेटअसाइनमेंटवरून ते सेट कोणाकडे आहेत ते. परमिशन प्रोफाइलमध्ये घातलेली असेल तर तीही या यादीत येते. 'एरर कोणालाच येत नाही' याचा उलगडा बहुधा इथे होतो: कोणीतरी सुटीचा सेट सगळ्यांना दिलेल्या परमिशन सेट ग्रुपमध्ये टाकलेला असतो. कधी केलं आणि कोणी केलं हे सेटअप ऑडिट ट्रेलमध्ये सापडतं. स्क्रीनवर शेवटच्या २० नोंदीच दिसतात, बाकीच्यांसाठी फाइल डाउनलोड करा. ती मागच्या १८० दिवसांपुरतीच मिळते, त्यामुळे शोध पुढे ढकलू नका.

यादीत कोणीच जादा नाही, फॉर्म्युलाही बरोबर, आणि तरी चुकीची किंमत आत शिरतेय, असं झालं तर जुन्या वर्कफ्लो रूलचे (फ्लोच्या आधीच्या ऑटोमेशनचे) फील्ड अपडेट पाहा. त्यांनी किंमत बदलली की ट्रिगर पुन्हा चालतात, पण व्हॅलिडेशन रूल दुसऱ्यांदा चालत नाहीत. ते अपडेट सेव्हच्या आधी चालणाऱ्या फ्लोमध्ये हलवा. तो फ्लो रूलच्या आधी चालतो, त्यामुळे त्याने भरलेली किंमत रूलच्या नजरेखालून जाते.